घट हलवायचा नाही

दार.

फुगलंय. लागत नाही, पूर्ण उघडतही नाही. यमुनेचं पाणी उतरलं, दाराला अजून पत्ता नाही.

सरकारी कचेरीत इतरांच्या इमारतींचे नकाशे काढणाऱ्या मुरलीधरनं करोल बागेतली भाड्याची खोली सोडून नोएडाच्या टोकाला, नदीकडच्या स्वस्त प्लॉटवर हे घर बांधलं. कचेरीतला हरीश म्हणाला होता, "रिव्हर व्ह्यू, यार! पार्टी दे."

मग बांध फुटला.

कोपरा.

एकच कोरडा. तिथे ऊन येतं. तिथे लतिकानं, त्याच्या बायकोनं, नवरात्राचा घट बसवला. माती कुठून आणायची? माती घरातच होती. पलंगावर, पिठाच्या डब्यात, लेकीच्या दप्तरात. तोच गाळ टोपलीत पसरला, गहू पेरला, मधोमध घट, शेजारी अखंड दिवा. आता दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही.

"आई, गेहूं उगला! बिल्कुल हिरवा!" शिवांगी ओरडली.

"गहू म्हण गं." पुरानंतर लतिका पहिल्यांदा हसली.

भिंत.

घटामागच्या भिंतीत मुरलीधरचं बोट शिरलं. मग पंजा. पाण्यानं पाया खाल्ला होता.

"आजच उतरवावी लागेल, लतिका. छपराला टेकू देतो, नवा पाया घालतो."

"दसऱ्यानंतर."

"भिंत दसऱ्याची वाट बघणार नाही."

"आणि घटाचा पाट कुणी मांडला इथे? तुम्हीच ना?"

त्यानं ऊन बघितलं होतं. भिंत नाही. नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा.

"कपाट गेलं, शिलाई मशीन गेलं, लग्नाचे फोटो गेले. बोलले मी काही? या घरात एवढं एकच उगवलंय, अहो."

वरून प्लास्टरचा पोपडा सुटला. शिवांगीच्या खांद्याला घासून दिव्याजवळ फुटला.

लतिकानं मुलीला बाहेर ढकललं. दिवा टोपलीत ठेवून ती उचलली. "तुम्ही हात लावू नका. पाप लागायचं ते मला लागू दे."

दिवा वाटेत विझला.

भिंत नाही.

श्याम मिस्त्रीनं ती उतरवली. छप्पर लाकडी बल्ल्यांवर उभं. गल्ली थेट घरात. एक म्हैस आत बघत थांबली, कुणी हाकललं नाही.

लतिका टोपली घेऊन आली आणि होती त्याच जागी ठेवली. दिवा लावला. विझला. लावला. विझला. मग पदराचा आडोसा करून बसली.

"इथे पाया खणायचाय."

"खणा."

"तू उठल्याशिवाय कसं..."

"उठून जाऊ कुठे? सांगा ना. कुठे?"



"साहब?" श्यामनं विचारलं.

मुरलीधरनं त्याच्या हातून कुदळ घेतली. एक बल्ली करकरली. लतिकाच्या गुडघ्यापासून वीतभर सोडून त्यानं घाव घातला. मग दुसरा.

खाली पाणी लागलं.