मोळीवालीचे पान

एस्तेरबाई वाचू लागल्या की पत्र्याच्या त्या वर्गखोलीत मार्गशीर्षातले तिरके ऊन जणू मांडी घालून ऐकायला बसे. आवाज मोठा नव्हता. सुपात धान्य पाखडताना उमटतो तसा, एका लयीत उंचावणारा आणि अलगद खाली येणारा, शब्दांतला कोंडा उडवून देणारा होता. रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन करणाऱ्या आजोबांकडून तो त्यांच्याकडे आला होता. घराण्यात तीन पिढ्या शिक्षकांच्या. त्यामुळे छापील अक्षराविषयी त्यांच्या मनात जितकी श्रद्धा होती, तितकाच संशयही होता.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तो फोनवर, आणि तेव्हा त्यात लय अशी नव्हतीच.

"सर, तुमच्या पुस्तकामुळे माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीच्या हातचं जेवण सोडलंय. तुम्ही यायला हवं."

मी नगरला राहतो आणि मुलांसाठी पुस्तके लिहितो. बाई म्हणत होत्या ते पुस्तक झाडांविषयीचे. त्यात एक गोड मुलगी होती, एक बोलके झाड होते, आणि डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली, वाकड्या नाकाची एक दुष्ट म्हातारी होती. म्हातारीने कोयता उगारला की झाड रडे. शेवटी गाव तिला हाकलून देई आणि शेवटच्या पानावर नदी निळी निळी हसे.

खरे सांगायचे तर पहिल्या खर्ड्यात ही म्हातारी नव्हतीच. तिथे काळे पाणी होते, मेलेले मासे होते, धुराडे होते. पण पुस्तक शाळाशाळांतून फुकट वाटण्याची जबाबदारी एका साखर कारखान्याने घेतली होती, आणि त्यांचा माणूस माझ्या घरी येऊन चहात बिस्कीट बुडवत अत्यंत मृदू स्वरात म्हणाला होता, "सर, मुलांना निगेटिव्ह कशाला? झाडांवर घ्या ना. झाडं सगळ्यांनाच आवडतात." चार दिवसांत मी धुराडे पुसले. गोष्टीला खलनायक तर हवाच होता. तेव्हा जिच्या वतीने कुणीही तक्रार करायला येणार नाही अशी एक बाई मी शोधून काढली. 

जामखेडच्या एसटीतून फाट्यावर उतरलो तेव्हा बाई उभ्याच होत्या. ठेंगणा बांधा, करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि चालताना पदर कमरेला खोचण्याची सवय.  वाटेत ओढ्याच्या पुलावर त्या थांबल्या. सांगायची गरजच नव्हती. वास आधीच आला होता. सडलेला गूळ, नासलेली अंडी आणि तापलेले लोखंड एकत्र कुजावे तसा तो दर्प नाकातून घशात, घशातून पोटात उतरत गेला. खाली चहाच्या चोथ्याच्या रंगाचे पाणी, त्यावर पिवळट फेस. पलीकडच्या काठावर वृक्षारोपणाच्या लोखंडी जाळ्यांची रांग, आत रोप एकाही जाळीत नाही, आणि प्रत्येक जाळीवर कारखान्याचे तेच बोधचिन्ह, जे माझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर निळ्या नदीच्या खाली छापलेले होते. मी नाकाला रुमाल लावून खोकू लागलो. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, सहानुभूती मात्र दाखवली नाही.

कोमलचे घर वस्तीच्या टोकाला होते. आई-वडील ऊसतोडीला गेलेले. चौथीतली ही मुलगी आजीपाशी राहिलेली. आजी चुलीपुढे बसली होती. कोमल दाराबाहेर, आमच्याकडे पाठ करून. शाळेतली खिचडी तेवढी ती खात होती. घरच्या भाकरीला ती पाच दिवस शिवली नव्हती, आणि आजीचा कोयता विहिरीत टाकून आली होती.

"पुस्तक तुमीच लिव्हलं व्हय?" आजीने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच असह्य होते. "मला न्हाई वाचता येत. पर पोरीनं चित्र दावलं. म्हनती, ती तूच हाय."

मी चुलीपाशी तिच्यासमोर बसलो.

"आवं, म्या वाळल्यालंच आनते. हिरव्या फांदीला कंदी हात लावला न्हाई. गॅसची टाकी संपली की काय जाळावं मानसानं?" तिने हाताची भेगाळलेली बोटे उघडून दाखवली, जणू तिथे काही पुरावा असावा. "लोकांनी काय बी म्हनलं असतं तर चाललं असतं. नातीनं म्हनावं?"

मी बाहेर जाऊन कोमलशेजारी उकिडवा बसलो. म्हणालो, "कोमल, पुस्तकात चुकलंय. आजी झाडं मारत नाही."

तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "मग छापलं कशाला?"

लेखनाच्या उभ्या आयुष्यात इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. साहित्य मुलांवर संस्कार करते हे वाक्य मी किती व्यासपीठांवरून, किती हारांच्या ओझ्याखाली उच्चारले होते! संस्कार झाला होता खरा. तो असा झाला होता.

दुपारी बाईंनी सारा वर्ग पुलावर नेला आणि पुस्तक माझ्या हाती दिले. "शेवटचं पान वाचा, सर." नाकाला रुमाल, ओढणी, सदऱ्याचे टोक लावून मुले उभी राहिली आणि मी वाचले की नदी निळी निळी हसली. कुणीतरी फिसकन हसले, मग सगळीच. कोमल मात्र हसली नाही. पुस्तक नाकाशी नेऊन तिने ते हुंगले.

"बाई, ह्याला तर वास न्हाई."

"नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून आपण वाचताना नाक, डोळे, सगळं उघडं ठेवायचं. पुस्तक कुणाचंही असो."

वर्गात परतल्यावर त्यांनी टेबलावर प्रती रचल्या आणि कपाटातून कात्री काढली. मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मान हलवली. "कात्री मी धरते. पान तुम्ही धरा." एकेका प्रतीतून मोळीवालीचे पान कापले जात होते आणि मी ते ताणून धरत होतो; बाईंच्या चेहऱ्यावर सुडाची रेषासुद्धा नव्हती, उष्टी भांडी घासणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते तेवढीच निर्विकार शिसारी होती. मग प्रत्येक मुलाला कोरा कागद मिळाला. त्या जागी काय हवे होते ते ज्याने त्याने काढले आणि खळीने चिकटवले. कुणी ओढा काढला, कुणी त्यात सोडलेला कारखान्याचा पाइप. कोमलने सरपण घेतलेली आजी काढली, मागे शाबूत उभी असलेली बाभूळ काढली. आजीचे नाक तिने दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा सरळ काढले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "जेवली काल. आजीनं घास भरवला, तिनं आजीला भरवला. एवढंच सांगायचं होतं."

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांच्या नजरेस चित्रांतले ते पाइप पडले. पुस्तकांचे विद्रूपीकरण केले म्हणून बाईंना नोटीस आली, आणि उन्हाळ्यात त्यांची बदली जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका दोनशिक्षकी शाळेत झाली. त्यांनी कुठे दाद मागितली नाही. सामान टेम्पोत भरले आणि गेल्या. तिथून त्यांची पत्रे येत. भाताच्या खाचरांवर उतरणाऱ्या धुक्याविषयी त्या लिहीत, आणि 'झाडे लावा' या धड्यावर पोट धरून हसणाऱ्या, रानातच वाढलेल्या मुलांविषयी. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात साध्या तापाचे निमित्त होऊन त्या वारल्या. तालुक्याला नेणारी जीप यायला उशीर झाला, इतकेच मला कळले.

मोळीवालीचे ते पान काढून टाका असे मी प्रकाशकाला तीनदा लिहिले. हक्क त्यांच्याकडे होते. नवी आवृत्ती निघाली. म्हातारीचे नाक आणखी वाकडे, आणखी रंगीत झाले आहे, आणि खाली माझे नाव ठळक आहे. जिथे जिथे बोलावतात तिथे मी जातो आणि मुलांना सांगतो की हे मी खोटे लिहिले, कुणाच्या सांगण्यावरून लिहिले, आणि ती मोळीवाली खरी कोण होती. आयोजकांचे चेहरे पडतात. पुन्हा बोलावणे येत नाही.

गेलेल्या माणसाची आठवण काळाबरोबर मऊ होत जाते असे म्हणतात; एस्तेरबाईंची तशी होत नाही. वर्षे सरतात तसे त्यांचे नसणे अधिकच कडक होत जाते, आणि कोरा कागद पुढे ओढला की त्या नसलेल्या माणसाची परवानगी मिळेपर्यंत मला पहिले वाक्य लिहिता येत नाही.