थंडीची तालीम

ऐन जुलैत दुबईत थंडी आणायची कुठून? अजीजभाईंना ती रास अल खोरमधल्या स्वतःच्याच मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये सापडली. ऑगस्टमध्ये त्यांना टर्कीतल्या चार हजार मीटर उंच, विझलेल्या ज्वालामुखीवर चढून त्याच्या मुखातलं तळं बघायचं होतं. म्हणून रोज दुपारी नवं जॅकेट चढवून ते सुरमईच्या खोक्यांमधून येरझाऱ्या घालत. कामगार हसत. बायको शहनाझ म्हणे, "वेड लागलंय तुम्हाला!" तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते, त्यामुळे तिला सोबत नेण्याचा प्रश्नच नव्हता.

तळं बघून परतल्यावर ते तिला थेट स्टोअरमध्ये घेऊन आले. आपलं जॅकेट तिला घातलं, खोक्यावर बसवलं, हातात गरम चहा दिला आणि फोनवर व्हिडिओ लावला. काळ्या कड्यांच्या मधोमध निळंशार पाणी होतं.

"यल्ला, चल, पोचलो बघ आपण वर!" अजीजभाई म्हणाले.

शहनाझ बराच वेळ बघत राहिली. मग तिनं जॅकेटची कॉलर हुंगली. "तिथंही असाच सुरमईचा वास येत होता?"

"येत होता ना! गाइडचं कुत्रं वरपर्यंत मला सोडेना."

ती इतकी हसली की तोंडातून वाफा निघाल्या.

"या चढाला गुडघे दुखले नाहीत हो माझे," ती म्हणाली. "पुढचा डोंगर कुठला?"