डाव्या कानशिलाचा ठोका

सुनेनं सासूच्या डाव्या कानशिलावर दोन बोटं टेकवली आणि श्वास रोखला. कातडीखाली शीर होती, सुतळीसारखी जाड, मध्येमध्ये गाठाळलेली. तिनं बोटं थोडी पुढे सरकवली, मग मागे. ठोका कुठेच लागेना. उजवीकडची शीर मात्र टकटक करत होती, धडधाकट शिरेनं करावी तशी.

"दुखतंय गं," सासू म्हणाली. "हल्ली तिथे कंगवासुद्धा टेकवता येत नाही."

"आणि जबडा?"

"चार घास खाल्ले की थकतो. जरा थांबायचं, मग पुन्हा चार घास. म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय."

"काल स्वयंपाकघरात डोळ्याचं काहीतरी म्हणालात."

सासूनं आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. डाव्या डोळ्यावर पडदा ओढल्यासारखं झालं. मग आलं परत सगळं."

"बाबांना सांगितलंत?"

"कशाला? रोज माझं डोकं हातात घेऊन बसतात बिचारे. वाईट वाटेल त्यांना."

आपल्या डोळ्यापुढे अंधार आला तरी दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसायचं, हे बायकांना कोण शिकवतं कुणास ठाऊक. त्या शिकवणाऱ्याला एकदा या टेबलावर आडवा घालायला हवा.

टेबलं दोन होती. घराच्या खालच्या मजल्यावर सासऱ्यांचा दवाखाना, त्यात एक टेबल त्यांचं, एक सुनेचं. सासरे ऑस्टिओपॅथ. औषध नाही, सुई नाही, सगळं काम हातानं. त्यातही त्यांचं नाव होतं ते डोक्यासाठी. कवटीची हाडं एकमेकांत घट्ट रुतलेली नसतात, ती श्वास घेतल्यासारखी किंचित उघडतात आणि मिटतात, असं ते सांगत. माणूस पडला, आदळला, नुसता कुढत बसला तरी त्या हालचालीला पीळ पडतो. पिळाला नाव असतं, आणि नाव सापडलं की उपाय सापडतो. सून लग्नानंतर त्यांच्याच हाताखाली शिकली. त्यांनी "उजवा पीळ" म्हटलं की तिच्या बोटांना उजवा पीळ लागायचा. ते काही बोलले नाहीत तर तिच्या बोटांना काहीच लागायचं नाही. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चालत्या गाडीला खीळ कोण घालतो?

दार ढकलून सासरे आत आले. हात टॉवेलला पुसत होते.

"काय गं, माझं गिऱ्हाईक पळवतेस?"

"बघत होते जरा."

"बघ, बघ. पण फी माझी." ते बायकोच्या डोक्याशी स्टुलावर बसले. तिचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं, बोटं कानशिलांवर पसरली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"कानशिलाचं हाड अजून बाहेर फिरलेलं आहे," ते म्हणाले. "पण सुटतंय. हं. ठोका बघ कसा स्वच्छ आलाय."

"कुठे, बाबा?"

"इथे, डावीकडे."

"डावीकडे ठोका नाहीये," सून म्हणाली. "आत्ताच पाहिलं मी. शीर सुजलीये, बंद पडत आलीये. जबडा थकतो, काल डोळ्यापुढे पडदा आला. आजच्या आज हॉस्पिटलात न्यायला हवं. उद्यावर टाकलं तर डोळा जाईल. एक गेला की दुसराही जातो."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "पडदा? मला कुणी सांगितलं नाही ते."

सासू छताकडे बघत राहिली.

"पित्तानंही होतं तसं," ते म्हणाले. "आणि ठोका आहे म्हणजे आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून डोकी हातात घेतोय मी."

सुनेनं फळीवरचा लाकडी वाडगा काढला आणि त्यांच्यासमोर पालथा ठेवला. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी हाच वाडगा मिळायचा. डोळे मिटा, बोटं टेकवा, काय लागतंय? ठोका लागतोय, असं मुलं सांगायची. सासरे मग मनापासून हसायचे. "लाकडाला कुठला ठोका? तो तुमच्या बोटांचा. आधी आपला ओळखा, मग दुसऱ्याच्या डोक्याला हात लावा."

"मला शिकवतेस?" ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत. टेकवा बोटं, आत्ता धरली होतीत तशीच, तेवढ्याच दाबानं."

त्यांनी बोटं टेकवली. चेहरा बदलला नाही. पण बोटं वाडग्यावर नको तितकी रेंगाळली. बाहेर बाकावर मानेचा उपचार घ्यायला आलेला शिंपी खोकला, पुन्हा खोकला. आपण बसलोय हे त्याला कळवायचं होतं.

"बरं," सासरे शेवटी म्हणाले. "लाकडाला ठोका आहे. बोटं म्हातारी झाली, स्वतःचंच ऐकायला लागली, मान्य. पण मग हिला बरं कसं वाटतं? रोज उठताना सांगते. तूही ऐकतेस. मी काय हिच्या तोंडात शब्द घालतो?"

प्रश्न सुनेला होता, नजर बायकोकडे.

सासू चादरीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. त्यांची पहिली पेशंट तीच. पाटी लागायच्या आधी, नोकरी सोडायच्या आधी, नवी नवरी असताना त्यांनी तिच्याच डोक्यावर हात बसवला होता. तेव्हाही त्यांनी विचारलं होतं आणि तेव्हाही ती म्हणाली होती, बरं वाटलं. त्या दोन शब्दांवर पाटी लागली, टेबलं आली, वरचा मजला चढला. लोक लांबून येऊ लागले. इतकं ओझं त्या शब्दांवर आहे हे तिला ठाऊक होतं. सुनेलाही ठाऊक होतं. एकट्या त्यांनाच नव्हतं.

इथे सुनेनं बोलून भागणार नव्हतं.

"अहो," सासू म्हणाली. "बरं नाही वाटत."

"आज?"

ती उठून बसली. पाय खाली सोडून चपला चाचपडू लागली. डावी चप्पल तिला लवकर सापडली नाही. सुनेनं वाकून ती पायाशी सरकवली.

"आज नाही वाटत," सासू म्हणाली.

"आणि आधी?"

"तुमचे हात उबदार असतात," ती म्हणाली. "चला आता, उशीर नको."

सून तिला धरून गाडीकडे घेऊन गेली. जाताना फोनवर कुणाला तरी शिरेचं, डोळ्याचं, सगळं न अडखळता सांगत होती. सासरे मागे राहिले, दिवे बंद केले आणि बाहेर आले. शिंपी लगबगीनं उठला.

"आज बंद आहे," ते म्हणाले. "घरात बरं नाही."

"असू द्या, असू द्या. मी आपला पुन्हा येईन." शिंप्यानं पिशवी खांद्याला लावली. "मागच्या खेपेला हात लावलात ना डॉक्टर, तेव्हापासून मान अशी फिरते, मशीनला तेल घातल्यासारखी. फार बरं वाटलं बघा."

एरवी अशा वाक्याला ते नुसती मान डोलवत, फी खिशात टाकावी तशी. आज कडीवरचा हात तिथेच राहिला. गाडीचा हॉर्न वाजला, तरी ते हलले नाहीत.

"खरं सांगा," ते म्हणाले. "वाटलं?"

शिंपी हसला. डॉक्टर हसत नाहीत हे पाहिल्यावर त्यानं पिशवी पुन्हा बाकावर ठेवली. मान उजवीकडे वळवून पाहिली, मग सावकाश डावीकडे, आणि तिथेच थांबून विचार करू लागला.