टाकीतले मासे

वीज वाचवायला सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातले हवेचे पंप बंद ठेवले होते आणि घाण तशीच नदीत जात होती. कुणी बघायला आलं की ऑपरेटर काचेच्या टाकीत बोअरचं पाणी भरून मासे सोडायचा आणि म्हणायचा, "बघा, आम्ही शुद्ध केलेलं पाणी!"

एकदा नदीकाठी राहणारा जावईच आला. मासे बघून हसला. "मामा, तुमची लेक उगाच नदीचं पाणी उकळत बसते हो!"

शेजारी साहेब उभे होते. ऑपरेटर माशांना खाणं टाकत राहिला.

आठवड्याने तो दवाखान्यात गेला, तेव्हा नातीला सलाईन लावलं होतं. ती डोळे उघडत नव्हती. जावयाने वरही न बघता विचारलं, "मामा, मासे ठणठणीत आहेत ना?"

मासे ठणठणीतच होते.