लोखंडी हात कोणता?

बीबीच्या बाजारात वांगी विकता विकता पुंजाजीला अमडापूरचा गुलाबराव भेटला आणि म्हणाला, "तो लोखंडी हाताचा विलायती सिनेमा पुन्हा लागला बरं का आमच्या जत्रेत." वांगी तिथेच राहिली. पुंजाजीने तराजू पुतण्याच्या हवाली केला आणि एस.टी. गाठली.

आता सिनेमासाठी कुणी असं धावतं का? पण या सिनेमाने त्याची बहीण तोडली होती.

हा चित्रपट म्हणे साऱ्या जगात गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. एका शास्त्रज्ञाचा हात कारखान्यात तुटतो, तो लोखंडाचा हात करून बसवतो, तो हात मनातलं ओळखून कामं करतो, आणि शेवटी धन्याचंच ऐकेनासा होतो. फार वर्षांपूर्वी अमडापूरच्या जत्रेत तंबूत तो लागला, तेव्हा पुंजाजी बहिणीच्या सासरी पाहुणा होता. पुरुष पडद्यासमोर बसले. बायकांना रीतीप्रमाणे पडद्यामागे बसवलं. पडदा पाणी मारून ओला ठेवत, म्हणजे चित्र मागूनही दिसे.

घरी जेवताना बहीण, कोकिळा, रडायला लागली. "जेवायचा हातच गेला हो बिचाऱ्याचा. आपल्याच पोरीच्या डोक्यावर ठेवाले उजवा हात नाई राह्यला."

"डावा होता," पुंजाजी म्हणाला.

"उजवा. या डोळ्यानं पाह्यला."

शब्दाने शब्द वाढला आणि सासरच्या भरल्या पंगतीत पुंजाजी बोलून गेला, "लहानपणापासून खोटारडीच हाय." कोकिळा ताटावरून उठली. त्या दिवाळीला ती माहेरी आली नाही, नंतरच्याही कुठल्या दिवाळीला नाही. तेव्हा आपलं राज्य नागपूरचं होतं, मग मुंबईचं झालं, आता महाराष्ट्र झालं. तीन राज्यं झाली, पण भावाबहिणीचा अबोला काही सुटला नाही.

आता पुंजाजीच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. पहिली हळद आत्याच्या हाताची लागते. बायको रोज म्हणे, "जा, घेऊन या ननंदेले." पण आधी नमतं कोण घेणार? पुंजाजीने ठरवलं, सिनेमा पुन्हा पाहायचा, डावा हात पक्का करायचा, आणि मग मोठ्या मनाने बहिणीला माफ करायचं. माफ करायला माणूस किती लवकर तयार होतो, बघा.

एस.टी. वाटेत पंक्चर झाली. तो पोचला तेव्हा समोरची जागा खचाखच भरलेली. तिकीटवाला म्हणाला, "मागं बसा बाबा. आता मागं कोणीबी बसते, बायाबी समोर येऊन राह्यल्या."

पुंजाजी नाक मुरडत पडद्यामागे जाऊन बसला. सिनेमा सुरू झाला. इंग्रजी अक्षरं आली आणि गेली. ती सुलटी होती का उलटी, हे त्याला काय कळणार? मग कारखाना आला, चाक फिरलं, आणि हात तुटला.

उजवा.

त्याने डोळे चोळले. लोखंडी हातही उजवाच बसला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला तो माणूस धजेना. बहीण ज्यासाठी रडली होती ते पुंजाजीला आज दिसलं. खोटारडा मीच, असं वाटून त्याला फार शरम वाटली.

रात्र गुलाबरावाकडे काढून सकाळी तो कोकिळेच्या दारात उभा राहिला. तीही केस पिकलेली, चपला घालून उंबऱ्यातच उभी.

"कोकिळे," तो म्हणाला, "तुहंच खरं होतं. उजवाच हात. मी चुकलो."

ती बघतच राहिली. "काय बोलतं दादा? परवा सुनेनं मले समोर नेऊन बसवलं. डावा हाय. तुहंच खरं होतं."

"मी काल मागून पाह्यलं ना, उजवा..."

 कोकिळेने पदराचं टोक दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरलं. वेलीची नक्षी या बाजूने पाहिली, मग पदर फिरवून त्या बाजूने पाहिली. वेल एकदा इकडे वळे, एकदा तिकडे.

"अगं माय," ती हळूच म्हणाली. "म्हणजे कोणीच खोटं नव्हतं."

"काल समोर जागा भेटली असती," पुंजाजी खरं तेच बोलला, "तर आज भांडाले आलो असतो."

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीकडे गेलं. वर नवं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं.

"कुठं निघाली होती?"

"बीबीले," कोकिळा म्हणाली. "तुह्यापाशी हार मानाले. अन् पोरीले हळद लावाले. बोलावलं नाई तरी."

 पुंजाजीने वाकून पिशवी उचलली. डाव्या हाताने की उजव्या, ते कुणी पाहिलं नाही.