सिओनी बाल्देमोर रडते तेव्हा

"मॅडम, एकदाच! 'ऊठ, माझ्या गालिच्यावर रडू नकोस, डाग पडतील,' एवढंच म्हणा. आमची बायको खूश होईल."

दारावरच्या रखवालदारानं मोबाइल आधीच वर धरला होता. सिओनी बाल्देमोर पायरीवरच थबकली. तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांची मोठमोठी चक्रं उभी होती. त्यांच्या रेशमी पट्ट्यांवर नटनट्यांची, नगरसेवकांची, एका साबणाच्या कंपनीची नावं होती. आणि आत, काचेच्या झाकणाखाली, तिची रेमी झोपली होती.

"आज नको रे बाळा," ती म्हणाली. "माझी मैत्रीण वारलीये."

"म्हणून तर मॅडम! तुम्हा दोघींचीच आठवण राहील." तो हे अगदी मनापासून म्हणाला. खरं तर त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. लहानपणापासून रोज जेवताना त्यानं टीव्हीवर या बाईला रेमी बुएनाफेच्या मुस्काटात मारताना पाहिलं होतं. घास घशाखाली उतरायचा तो त्या चपराकीच्या आवाजाबरोबरच. सिओनीनं त्याच्या खांद्यावर थोपटलं, त्याच्या शेजारी उभं राहून मुकाट्यानं फोटो काढू दिला आणि ती आत गेली.

सिओनी पाएतेची. लाकडाचे संत कोरणाऱ्यांच्या त्या गावातून ती मनिलाला आली, तेव्हा तिला नायिका व्हायचं होतं. कुणाला नसतं? पण पहिल्याच निर्मात्यानं तिच्या वर चढलेल्या भुवयांकडे पाहिलं आणि सांगितलं, "बाई गं, तू गरीब दिसणं या जन्मी शक्य नाही." झालं! त्या भुवयांनी तिला आयुष्यभर हवेलीत कोंडलं. सावत्र आई, खाष्ट सासू, जमीनदारीण, मूल पळवणारी बाई. सगळ्यात गाजली ती डोन्या कॉन्स्तान्सिया. ती मालिका इतकी चालली की मासळीबाजारात कोळिणी तिला मासे विकेनात. एकीनं तर तिच्या अंगावर बर्फाचं पाणी फेकलं होतं, आणि घरी येऊन सिओनी तासभर देवापुढे बसून राहिली होती. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी बाई ती!

आणि रेमी? पडद्यावर धुणी धुणारी, उपाशी झोपणारी, साऱ्या देशाची लाडकी सोशीक रेमी माजाँगच्या जुगाराच्या टेबलावर बसली की अशा शिव्या घालायची की ट्रकवाल्यांनी कानांवर हात ठेवावेत. तिचं आणखी एक गुपित होतं, आणि ते चित्रीकरणावरच्या चारसहा जणांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. रेमीला रडता येत नसे. काही केल्या नाही. प्रत्येक प्रवेशाआधी ती डोळ्यांखाली पुदिन्याच्या अर्काची कांडी घासायची आणि मग त्या झोंबण्यानं घळाघळा पाणी यायचं.

रडणं यायचं ते सिओनीला. दिग्दर्शकानं नुसतं "हं" म्हणायचा अवकाश, म्हणाल त्या डोळ्यातून थेंब. पण खलनायिकेच्या रडण्याला कथेत एकच जागा असते. न्यायाधीशापुढे, नवऱ्यापुढे, पाद्र्यापुढे ती रडते आणि तिची पाठ वळली की हसते. तीसेक वर्षं सिओनी खरे अश्रू ढाळून खोटं रडली. प्रेक्षक इतके तयार झाले होते की तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं रे दिसलं की घराघरांतून लोक ओरडायचे, "नाटकं करतीये बया!"

"वाया चाललंय बघ तुझं पाणी," रेमी म्हणायची. "मला देत जा की थोडं!"

गेल्या आठवड्यात रेमी गेली त्या सकाळीच कुणीतरी सिओनीच्या तोंडापुढे माइक धरला होता. ती दोन शब्द बोलली आणि तिला हुंदका फुटला. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावभर झाली. खाली कुणीतरी लिहिलं होतं: डोन्या आता इस्टेटीवर डोळा ठेवून आहे. लाखो लोक हसले. हसवणाऱ्यांनाही काही वाईट म्हणायचं नव्हतं, त्यांना गंमत वाटली इतकंच.

आज मात्र सिओनी एकच गोष्ट ठरवून आली होती. रेमीच्या उशाशी उभं राहायचं आणि पोटभर रडायचं. त्याहून जास्त तिला काही नको होतं. उद्या सकाळी रेमीला पुरणार होते, त्यामुळे उद्यावर टाकण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

ती मधल्या वाटेनं चार पावलं गेली असेल, तोच रेमीची मुलगी आयलीन लगबगीनं पुढे आली. ती दुबईत परिचारिका होती. आईसाठी धावत आलेली. लहानपणी आई माजाँगला बसली की हिला भात भरवायचं काम सिओनीकडे असे. आयलीननं नमस्कारासाठी तिचा हात घेऊन कपाळाला लावला, तिला मिठी मारली आणि तसंच हाताला धरून बाजूला खांबामागे नेलं.

"मावशी, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"बोल गं."

"पाचच्या प्रार्थनेला टीव्हीवाले येणारेत. थेट दाखवणारेत सगळं." आयलीनची बोटं रुमालाशी चाळा करत होती. "तू जरा मागच्या रांगेत बसशील? आणि... रडू नकोस. प्लीज. मला माहितीये तुमचं दोघींचं काय होतं ते. पण बाहेर कुणाला माहितीये? ती चित्रफीत बघितलीस ना? तू पेटीपाशी रडलीस तर लोक हसतील गं. आईच्या शेवटच्या दिवशी मला हसू नकोय."

सिओनीनं पेटीकडे पाहिलं. पण पोरीचे डोळे जागरणानं सुजले होते, आणि ती म्हणत होती त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि नाही रडले, तर काय म्हणतील?" तिनं विचारलं.

आयलीननं रुमाल मुठीत चुरगाळला.

"बरं बाई. बसते मागे. तू जेवलीस का सकाळपासून?"

मागच्या बाकावर कुणीतरी तिच्या हातात कॉफीचा कागदी पेला आणि बिस्किटाचा पुडा दिला. लोक येत होते, पेटीपाशी क्षणभर वाकत होते, मग बाकांवर बसून कलिंगडाच्या बिया सोलत गावगप्पा मारत होते. कोपऱ्यात पत्त्यांचा डाव रंगला होता. रेमीला हे फार आवडलं असतं. तिनं उठून त्यातल्या एखाद्याला पान चुकीचं टाकल्याबद्दल झापलंही असतं.  सिओनीनं कॉफीचा मोठा घोट घेतला.

तिच्या पुढच्या बाकावर दोन बायका होत्या. आपलं बोलणं मागे ऐकू जातंय याचं त्यांना भान नव्हतं, किंवा असलं तरी फिकीर नव्हती.

"बघितलंस? डोळे कोरडे ठणठणीत. आतून उकळ्या फुटत असतील."

"थांब गं, कॅमेरा येऊ दे. मग बघ कसा नळ सुटतो."

सिओनी बिस्किटाचा कागद उगाचच घड्या घालत बसली. कधी नव्हे तो तिला राग आला. तिचं म्हणणं एवढंच होतं की मला रडू द्या, आणि तेवढंसुद्धा मागायची सोय नव्हती. खलनायिका केली म्हणून माणसाचं दुःखदेखील जप्त होतं का?

तेवढ्यात रांगेत गलका झाला. मालाबोनहून आलेली एक म्हातारी, पासिंग आजी, नातीचा हात झटकून रांगेबाहेर पडली होती. गुडघे वाकलेले, अंगावर चर्चला जाताना घालायचा ठेवणीतला पोशाख. ती सरळ मागच्या बाकाशी आली, कंबरेवर हात ठेवून सिओनीकडे टक लावून पाहत राहिली, आणि मग तिनं हात उगारून फाडकन सिओनीच्या गालावर मारली.

हात म्हातारीचा होता, लागलं फारसं नाही. पण सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. पत्ते थांबले. दहाबारा मोबाइल वर झाले.

"झालं का समाधान?" आजीचा आवाज कापत होता. "उपाशी ठेवलंस तिला. पावसात हाकललंस. पोर हिरावून घेतलीस. आता गेली ती. आता कुणाला मारशील?"

नात धावत आली. तिचं तोंड लाजेनं लालबुंद झालं होतं. "माफ करा हो मॅडम! आजी, काय केलंस हे? अगं, मालिका होती ती! नाटक!"

"मालिका होती ते कळतं मला, मी काही खुळी नाहीये," आजी तिच्यावर खेकसली. "पण ती रडत होती ना? ते पाणी खोटं होतं होय? मी रोज बघितलंय. तिच्याबरोबर मी पण रडलेय. माझा नवरा गेला, तेव्हा मला कुणी रडू दिलं नाही, चार पोरं सांभाळायची होती. त्या बाईबरोबर रडून घेतलं मी सगळं. असं रडणं खोटं असतं?"

सिओनीच्या ओठांवर उत्तर होतं. पुदिन्याची कांडी, आजी. एवढं म्हटलं असतं तर ती सुटली असती. लोक हसले असते, पण तिला नव्हे. तिनं समोर पाहिलं. फुलांच्या ढिगात पेटीची काच चमकत होती.

"नाही आजी," ती म्हणाली. "खोटं कसं असेल? खरंच रडायची ती. मी फार छळलं तिला."

आणि मग थांबवता येण्यासारखं काही उरलं नाही. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. तिचे खांदे हलायला लागले, नाक वाहू लागलं, तोंड वेडंवाकडं झालं. पडद्यावर असं ती कधीच रडली नव्हती. खलनायिकेला रडतानाही देखणं दिसावं लागतं.

पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला कोपरानं ढोसत म्हणाली, "सुटला बघ नळ!"

आजी मात्र सिओनीच्या अगदी जवळ गेली. तिनं डोळे बारीक करून तो चेहरा नीट पाहिला, बाजारात भाजी पारखावी तसा. मग तिनं आपल्या बाहीत खोवलेला रुमाल काढला.

"चल," ती म्हणाली. "तिची माफी माग. मी आहे बरोबर."

आणि तिनं सिओनीचा हात धरून तिला मधल्या वाटेनं नेलं. दोघींतली कोण कुणाच्या आधारानं चालतेय ते सांगता आलं नसतं. मोबाइल त्यांच्याबरोबर वळत गेले.

पेटीत रेमीला पांढरा पोशाख घातला होता आणि हातात जपमाळ दिली होती. स्वतःला असं सात्त्विक दिसताना पाहून ती हसत सुटली असती. सिओनी काचेवर वाकली तशी आजीनं चटकन तिच्या हनुवटीखाली रुमाल धरला.

"काचेवर पडू देऊ नकोस. पाणी पडलं की मेलेल्याचा पाय निघत नाही."

"रेमी," सिओनी म्हणाली, "मला माफ कर गं." कशाची माफी ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. शेवटच्या महिन्यात दोनदाच भेटायला गेली याची असेल. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. "काय काम करते बाई! या वयातही!" असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं, आणि रखवालदारही आत येऊन टाळ्या वाजवू लागला.

पासिंग आजी गर्रकन वळली.

"टाळ्या कसल्या वाजवता रे मेल्यांनो? बाई खरंच रडतीये. डोळे फुटले का तुमचे?"

टाळ्या विस्कळीत होत थांबल्या, पण मोबाइल खाली आले नाहीत. आयलीन सिओनीला थांबवायला म्हणून पुढे आली होती. ती जवळ आली, तिनं मावशीचा चेहरा पाहिला आणि ती लोकांकडे पाठ करून तिच्या मागे उभी राहिली. तिनं आपली शाल दोन्ही हातांनी उघडून धरली. त्या आडोशाला सिओनी रडली, पोटभर रडली, आणि रुमाल निथळेपर्यंत आजीनं हात काढला नाही.

पाचची प्रार्थना टीव्हीवर दिसली तेव्हा सिओनी तिथे नव्हती. ती स्वतःच उठली होती. जाताना आयलीनच्या कपाळाचं चुंबन घेऊन तिनं सांगितलं, "आता निश्चिंत हो. माझं झालं." आयलीननं तिला थांब म्हटलं, दोनदा म्हटलं. पण तिला थांबायचं नव्हतं.

बाहेर जुना चालक कार्दिंग गाडी काढून उभा होता. त्याच्या मोबाइलवर ते सगळं आधीच पोहोचलं असावं, कारण त्यानं तो घाईघाईनं खिशात टाकला. त्यानं दार उघडून धरलं.

"कुठे थांबायचं, ताई? कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे. नाहीतर नूडल्स खायच्या असल्या तर पुढे घेतो."

"कुठे नको. सरळ घरी चल."

कार्दिंग चपापला. "असं कसं, ताई? मयताहून थेट घरी जात नाहीत. पाच मिनिटं का होईना, कुठेतरी टेकायचं. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरापर्यंत येतं म्हणतात."

"माहितीये मला."

"मग?"

"कार्दिंग, चल तू. सरळ घरी."

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडी सुरू केली. सिओनीनं सीटवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ती खिडकीच्या बाजूला थोडी सरकून बसली.