परातीत सोडलेली साखर

आकडा उतरला की टाळ्या पडायच्या. "आधी दोनशे नव्वद, आता एकशे तीस," असं माईकवरून पुकारलं जायचं, मंडपातली माणसं हात जोडायची आणि रांग चार पावलं पुढे सरकायची. कर्जतच्या पुढे एका माळावर पत्र्याची शेड ठोकून कल्याणबाबांनी 'शर्करामुक्ती दरबार' मांडला होता. दर रविवारी जीपगाड्या आणि टेम्पो भरभरून माणसं यायची. बहुतेकांच्या हातात रिपोर्टांच्या पिशव्या असायच्या आणि तोंडात डॉक्टरांच्या तक्रारी.

मी त्या रांगेत भक्त म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून उभा होतो. हे मी आजूबाजूच्या तिघाचौघांना त्यांनी न विचारताच सांगितलंही होतं. नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर शाळाशाळांतून बुवाबाजीच्या हातचलाख्या करून दाखवत फिरतो. बायको दमयंती म्हणते, "तुम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही, फक्त स्वतःवर जरा जास्त ठेवता." हे मी तोवर कौतुक समजत होतो.

त्यात मला नुकताच मधुमेह निघाला होता. डॉक्टर यामिनी शांतपणे म्हणाल्या, "सुरुवात आहे काका. गोळी घ्या, चाला, खाण्यावर ताबा ठेवा." मी लगेच साखर मोजायचं यंत्र आणलं. तिथून माझे हाल सुरू झाले. लॅबमध्ये उपाशीपोटी दीडशेच्या आसपास निघालेली साखर घरी सकाळी अडीचशेच्या वर, कधी तीनशेला टेकायची. भात सोडला, बटाटा सोडला, शेजाऱ्यांकडचा पेढा नुसता बघून परत केला. आकडा काही हलेना. डॉक्टरांना सांगावं तर त्यांना वाटणार, हा गृहस्थ चोरून खातोय. म्हणून जो माणूस आयुष्यभर इतरांना 'डॉक्टरांकडे जा' असं बजावत आला, तो डॉक्टरांचे फोन चुकवू लागला.

अशात बन्सीचा फोन आला. बन्सी आमच्याच कारखान्यात लेथवर होता, आता कर्जतकडे शेती बघतो. त्याचा मधुमेह जुना. डॉक्टर यामिनींचंच इन्शुलिन चालू, आणि पायाला एक जखम झालेली, ती भरत नव्हती.

"साहेब, आमच्याकडं एक बाबा आलाय," तो म्हणाला. "लई जनांची शुगर उतरलीया म्हनत्यात. पन मला काय खरं वाटंना. तुमी या, नीट बगा आन सांगा. तुमी खरं हाय म्हनला तर मी सुया सोडतो. टोचून टोचून पोटाची चाळन झालीया."

म्हणजे निकाल माझ्यावर होता. माझी छाती चार बोटं फुगली आणि मी यंत्र पिशवीत घालून कर्जतची एसटी धरली.

कल्याणबाबा पस्तिशीचे, पांढरा सदरा, मनगटावर चकाकतं घड्याळ. बोलणं असं तयार की ऐकणाऱ्याला मान हलवल्याशिवाय राहवू नये. "माउली, साखर म्हणजे काय? देहात अडकलेला गोडवा. पेशींची क्वांटम स्पंदनं मंदावली की गोडवा तुंबतो. तो इथं सोडा आणि हलके व्हा. आमच्याकडे अंधश्रद्धा चालत नाही, इथं आकडा बोलतो."

मी पुढे होऊन म्हणालो, "यंत्र तुमचं नको, माझं वापरा."

मला वाटलं, आता बाबा चाचरणार. बाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी मलाच नमस्कार केला. "असाच शंकेखोर भक्त पाहिजे," ते माईकवर म्हणाले. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मग विधी झाला. माझ्या हातात गुळाचा मऊ खडा दिला. तो दहाही बोटांनी कुस्करायचा, 'माझी साखर तुला' असं म्हणायचं आणि समोरच्या पितळी परातीत सोडायचा. मी निमूटपणे कुस्करला. टोचण्याआधी बोट पुसायला स्पिरिट मागितलं, तर सेवेकरी म्हणाला, "स्पिरिट म्हणजे मद्य. दरबारात मद्य वर्ज्य आहे." हा खुळचटपणा आहे, पण यात फसवणूक काही दिसत नाही, असं मी मनात नोंदवलं. आकडा आला तीनशे अठरा. मंडप हळहळला.

मग बाबांनी माझे हात तांब्याच्या घंगाळात धरले, कडुलिंबाचा पाला टाकलेल्या पाण्याने स्वतः चोळून धुतले, पांढऱ्या टॉवेलाने टिपले, माझ्या कपाळाला अंगठा लावून काहीतरी पुटपुटले. पुन्हा टोचलं. एकशे बावन्न.

मी यंत्राच्या पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघितली. टेबलाखाली वाकून बघितलं. बाबांना बाह्या वर करायला लावल्या. काहीच सापडलं नाही. माईक माझ्या तोंडापुढे आला आणि मी म्हणालो, "मी आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध बोलत आलो. पण यंत्र माझं आहे, रक्त माझं आहे. आकडा खरा आहे." खोटं कशाला सांगू, त्यानंतर जो गजर झाला तो मला फार आवडला.

शेडच्या तोंडाशी 'औषधत्याग पेटी' होती. बन्सीने खिशातून इन्शुलिनची बाटली काढली. त्याची बायको राहीबाई त्याचा दंड धरून म्हणाली, "वाईच थांबा की. यामिनी डाक्टरला तरी इचारू."

"अगं, साहेबांनी सोता बगितलंय," बन्सी म्हणाला आणि बाटली पेटीत गेली. माझ्या गोळ्या घरी नगरला होत्या, त्यामुळे मला काहीच टाकावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी घरी मोजलं तर दोनशे सत्तर. मंगळवारी तसंच. "दुसरी बैठक घ्यावी लागणार," मी दमयंतीला सांगितलं. तिने जेवणाच्या ताटाशेजारी गोळी ठेवली आणि वाद नको म्हणून मी ती गिळली. दरबारात बाबांच्या बाजूने साक्ष देऊन आलेला मनुष्य घरी दोन्ही वेळा औषध घेत होता, आणि यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नव्हतं.

बुधवारी मी एका मित्राला फोनवर बाबांचं वर्णन करत होतो. आमच्या घरी सकाळचा चहा मी करतो. माझा बिनसाखरेचा आणि दमयंतीचा गुळाचा. गूळ मीच फोडतो. खाता येत नाही म्हणून जरा जास्तच वेळ फोडतो, हेही कबूल. त्या दिवशी फोन काही संपेना, म्हणून तिनेच गूळ फोडून चहा केला आणि सहज माझं यंत्र ओढून स्वतःची साखर बघितली. दोनशे सत्त्याऐंशी.

तिला मधुमेह नाही. महिन्यापूर्वीचा तिचा रिपोर्ट अगदी स्वच्छ होता. मी फोन ठेवला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "घाबरू नकोस. रविवारी तुलाही बाबांकडे नेतो."

दमयंतीने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटाकडे बघितलं. शेजारचं बोट तिने जिभेला लावलं. मग उठून साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि पुन्हा टोचलं. चौऱ्याण्णव.

"आता तुम्ही धुवा," ती म्हणाली. मी धुतले. एकशे अडतीस.

"त्या बाबाने आधी काय करायला लावलं होतं?"

"गूळ कुस्करायला."

"आणि नंतर?"

"हात धुवायला."

"टेबलाखाली बघितलंत ना तुम्ही?"

"बघितलं."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि गार झालेला चहा प्यायला लागली.

चमत्काराचं गुपित एवढंच होतं. रक्ताचा थेंब इवलासा असतो. बोटावर गुळाचा पुसटसा थर असला तरी तो त्या थेंबात विरघळतो, आणि पट्टी बिचारी दिसेल ती साखर मोजते; ती रक्तातली की परातीतली, हे तिला कळायचं कारण नाही. पहिला आकडा गुळाचा, दुसरा माझा. बाबांनी साखर उतरवली नव्हती, आधी चढवली होती. घरी रोज सकाळी गूळ फोडून लगेच बोट टोचत मी तेच फुकटात करत होतो. मापाआधी तेल नीट पुसलं नाही म्हणून मी कारखान्यात किती पोरांना फैलावर घेतलं असेल, त्यातल्या एकाने जरी मला या वेळी बघितलं असतं तर त्याला वर्षभर हसायला पुरलं असतं.

मग मला बन्सी आठवला आणि हसू गेलं.

फोन राहीबाईने उचलला. "दोन दिस झालं, नुसतं पानी पानी करत्यात," ती म्हणाली. "आज तर उठवंना. पाय लई सुजलाय. मी डाक्टर म्हनलं की म्हनत्यात, बाबाची बैठक लागू व्हायलीय."

आम्ही गाडी करून गेलो आणि त्याला घेऊन नगरला आलो. निघताना मी फोन केला होता, त्यामुळे डॉक्टर यामिनींनी दवाखान्यात आधीच सांगून ठेवलं होतं. वाटेत बन्सी ग्लानीत होता. राहीबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी मी पुन्हा माळावर गेलो. राहीबाई म्हणाली, "मी बी येनार." बाबांनी मला लांबूनच ओळखलं. "आपले साक्षीदार आले," म्हणून त्यांनी स्वतःच माईक माझ्या हातात दिला.

मी राहीबाईला पुढे बोलावलं. तिला मधुमेह नाही, हे दवाखान्यात कालच बघून घेतलं होतं, पण ते तेव्हा बोललो नाही. तिने गूळ कुस्करला, परातीत सोडला आणि बोट पुढे केलं. तीनशे चार. बाबा डोळे मिटून म्हणाले, "ताईंचा गोडवा फार जुना आहे."

राहीबाई बाबांच्या घंगाळाकडे गेलीच नाही. बाहेर पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या तोटीखाली तिने खसखसून हात धुतले, पदराला कोरडे केले आणि परत आली. एक्क्याण्णव.

"या टँकरमदी कुनाचा मंत्र हाय?" तिने विचारलं. "हात धुतल्यानं आकडा उतारला. एवढ्यासाटी माझ्या मालकाचं औषिद पेटीत टाकून घ्येतलं व्हय?"

बाबा म्हणाले, दरबाराची स्पंदनं टँकरपर्यंत पोचतात. मागून कुणीतरी हसलं. मग चार माणसं उठून तोटीकडे गेली, मग दहा. एक म्हातारे मात्र माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मागल्या ऐतवारी तुमीच म्हनला हुता की आकडा खरा हाय."

"आकडा खरा होता," मी म्हणालो. "पण तो गुळाचा होता. मला कळलं नाही. मी चुकलो."

हे माईकवर बोललो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. बाबा दुपारच्या आत गाडीत बसून गेले. आम्ही पोलिसात रीतसर तक्रार दिली. तरीही निघताना पाच-सहा माणसं परातीपुढे बसलेली होती, बाबा परत येतील म्हणून.

बन्सीचं पाऊल वाचलं. करंगळी काढावी लागली. तो बोलायला लागल्यावर मी त्याच्या खाटेशी बसलो आणि कल्याणबाबांना शिव्या घालायला सुरुवात केली. तो खोटारडा, तो लबाड, त्याला तुरुंगातच घालायला हवं, असं बरंच काही बोललो. बन्सीने ऐकून घेतलं.

"त्याचं नाव कशाला घेता, साहेब?" तो हळूच म्हणाला. "बाबावर माझा इस्वास कवाच न्हवता. मी तुमच्यावर ठिवला हुता."

 त्या विश्वासाची थोडी तरी फेड म्हणून हे लिहितो आहे. साखर मोजण्याआधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. आकडा अनपेक्षित आला तर हात धुऊन पुन्हा मोजा आणि लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवा. चालू औषध कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. तो शब्द पांढऱ्या सदऱ्यातल्या बाबाचा असो, नाहीतर बाबाला उघडं पाडायला निघालेल्या माझ्यासारख्या शहाण्याचा. आम्हाला दोघांनाही आधी विचारा, तू नेमकं काय तपासलंस?